शिल्लक आणि गुंतवणूक : अल्प रकमेचा विचार



मस्तगड येथील एका बैठकीनंतर एक तरुण शिक्षणसेवक भेटले व त्यांनी विचारले, "साहेब, घरखर्च भागून महिन्याकाठी हजार रुपये उरतात. ते पोस्टात ठेवू की बाजारात गुंतवू?" प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली दरमहा १६,००० रुपये करण्यात आले. त्यातून हजार रुपये मागे टाकणे ही सोपी गोष्ट नव्हे. रक्कम लहान म्हणून प्रश्न लहान ठरत नाही. ज्याच्याजवळ थोडे असते, त्याची चूक त्यालाच अधिक जाचते. शिवाय गावातील पालक असा सल्ला प्रथम गुरुजींनाच विचारतात. यास्तव हा विषय आपणा सर्वांस नीट समजला पाहिजे.

प्रथम दोन शब्दांतील भेद पाहू. शिल्लक म्हणजे असा पैसा, की ज्याचे मुद्दल घटत नाही व जो गरजेच्या वेळी हाती येतो. मात्र त्याची वाढ अल्प असते. गुंतवणुकीत वाढ अधिक होण्याचा संभव असतो, परंतु मुद्दल काही काळ घटण्याचा किंवा बुडण्याचाही संभव असतो. आपला जिल्हा बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा हा भेद येथे समजावून सांगणे अवघड नाही. कणगीतील ज्वारी ही शिल्लक होय आणि शेतात पेरलेले बी ही गुंतवणूक होय. कोणताही शहाणा शेतकरी कणगी रिकामी करून सर्व धान्य पेरीत नाही. आणि काहीच न पेरता केवळ कणगीवर विसंबूनही राहत नाही.

केवळ शिल्लक ठेवण्यातील उणीव महागाईमुळे दिसून येते. पोस्टाच्या बचत खात्यावर ४ टक्के व्याज धरल्यास १०,००० रुपयांचे वर्षाअखेर १०,४०० होतात. त्याच वर्षात भाव ५ टक्क्यांनी वाढले, तर १०,००० रुपयांच्या वस्तूस १०,५०० रुपये पडतात. पासबुकातील आकडा वाढला, परंतु त्याची खरेदीची शक्ती घटली.

केवळ गुंतवणूक करण्यातील धोका याहून मोठा आहे. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या आसपास होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो ९,००० च्या खाली आला. पूर्वीच्या पातळीवर परतण्यास त्यास नोव्हेंबर २०१० उजाडावे लागले. जानेवारी २०२० मध्ये तो ४१,००० च्या वर होता व २३ मार्च २०२० रोजी २६,००० च्या खाली गेला. या वेळी मात्र तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत सावरला. ज्यांना थांबता आले, त्यांची हानी बहुधा भरून निघाली. ज्यांना त्याच महिन्यात दवाखान्याचा खर्च अथवा मुलीचे लग्न होते, त्यांना पडत्या भावात विकावे लागले.

येथे २०१२-१३ च्या दुष्काळाचे स्मरण करावे. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळून गेल्या. मोसंबीचे झाड पहिली काही वर्षे फळ देत नाही. म्हणजे ती दीर्घ मुदतीची गुंतवणूकच होय. ज्यांच्या हाती रोख शिल्लक होती, अशा काही शेतकऱ्यांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगविली. ज्यांच्याजवळ ती नव्हती, त्यांना वर्षानुवर्षांचे कष्ट डोळ्यांदेखत जळताना पाहावे लागले. शिल्लक ही गुंतवणुकीची वैरीण नसून तिची राखणदार आहे, हा बोध यातून घ्यावा.

म्हणून "कोणते चांगले?" असे न विचारता "हा पैसा मला केव्हा लागणार?" असे विचारावे. त्यावरून पुढील क्रम ठरतो.

१. अंगावर सावकारी देणे असल्यास ते आधी फेडावे. दरमहा २ टक्के व्याज म्हणजे वर्षास २४ टक्के. हे व्याज वाचविण्यासारखी खात्रीची कमाई दुसरी नाही.

२. त्यानंतर किमान तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम शिल्लक टाकावी. ती हवी तेव्हा काढता यावी.

३. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा पोस्टाच्या आवर्ती ठेवीसारख्या निश्चित व्याजाच्या योजनेत ठेवावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये या ठेवीचा दर ६.७ टक्के ठरला. त्या दराने दरमहा १,००० रुपये भरल्यास पाच वर्षांत भरलेल्या ६०,००० रुपयांचे सुमारे ७१,३०० रुपये होतात. दरांचा आढावा दर तिमाहीस घेतला जातो. म्हणून खाते उघडण्यापूर्वी चालू दर पाहावा.

४. दहा वर्षे तरी लागणार नाही असाच पैसा म्युच्युअल फंडासारख्या मार्गाने, लहान मासिक हप्त्यांनी, बाजारात घालावा. येथे परताव्याची हमी नसते, हे पक्के ध्यानात ठेवावे. ज्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू आहे, त्यांच्या कपातीचा काही भाग असाच बाजारात गुंतविला जातो, हेही विसरू नये.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द. पोस्टातील ठेवीमागे केंद्र सरकारची हमी असते. बँकेतील ठेवीस फेब्रुवारी २०२० पासून व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस हे संरक्षण नाही. माझ्या एका सहकाऱ्याने अधिक व्याजाच्या आशेने मुलीच्या लग्नाची रक्कम अशा एका संस्थेत ठेवली. संस्थेचे दार बंद झाले आणि लग्न कर्जावर करावे लागले. "मुद्दल सुरक्षित व दरमहा ३ टक्के" असे कोणी सांगू लागल्यास त्याचे वार्षिक ३६ टक्के होतात, एवढा गुणाकार करावा आणि त्याचा धंदा इतके कोठून मिळवितो, हे विचारावे. बहुधा तेथेच बोलणे संपते.

सरळव्याज शिकविताना ही उदाहरणे वर्गात अवश्य घ्यावीत. पूर्वी शाळाशाळांतून संचयिका चालत व मुले स्वतःचे पैसे स्वतः मोजून जमा करीत. आज गावच्या पोस्टातील व्याजदर फळ्यावर लिहून मुलांकडून हिशेब करवून घेता येईल. तोच हिशेब संध्याकाळी घरी सांगितला जाईल व एखादे घर फसवणुकीतून वाचेल.

त्या शिक्षणसेवकांस मी असे सांगितले : पहिले वर्ष पूर्ण हजार रुपये बचत खात्यात ठेवा. बारा हजारांचा आधार झाला, की आवर्ती ठेव सुरू करा. पूर्ण वेतनश्रेणी लागू झाली व तीन महिन्यांची कणगी भरली, म्हणजे वाढीव रकमेतून थोडे पेरा. ते म्हणाले, "साहेब, फार सावकाश होईल." होय, सावकाश होईल, परंतु मोडावे लागणार नाही.