घरच्या घरी स्टुडिओचा प्रकाश

बाबूजी गेले त्या दिवशी दुपारी धाकट्या भावाने हलक्या आवाजात विचारले, “भाईसाहेब, वर्तमानपत्रात द्यायला फोटो कोणता देऊ?” आम्ही दोघांनी कपाटातले सगळे अल्बम खाली काढले. लग्ने, बारशी, यात्रा, दुकानाचे नूतनीकरण, सर्व काही त्यांत होते. परंतु ज्या माणसाने खामगावच्या बाजारपेठेत पन्नास वर्षे गादीवर बसून सचोटीने व्यवहार केला, त्याचा एकट्याचा, नीट उजेडातला, डोळे दिसतील असा एकही फोटो सापडला नाही. शेवटी एका लग्नातल्या सामूहिक छायाचित्रातून चेहरा कापून मोठा करून घेतला. समोरून पडलेल्या फ्लॅशमुळे कपाळ पांढरेफटक, चष्म्याच्या काचांत दोन ठिपके आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. तोच फोटो आज आमच्या बैठकीत हाराखाली आहे. येणारा प्रत्येक जण त्यापुढे हात जोडतो, आणि दर वेळी माझ्या मनात येते की हे आमचे बाबूजी नव्हेत.

बँकेतून सेवानिवृत्त झाल्यावर मी हा विषय हाती घेतला, तो या सलामुळेच. आमच्या बाई, म्हणजे मातोश्री, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांच्या बाबतीत पुन्हा तसे होऊ द्यायचे नाही, एवढेच मनात होते. पुतण्याकडे एक डिजिटल कॅमेरा होता. मी स्टुडिओत वापरतात तसे दोन फ्लॅश दिवे, दोन स्टँड आणि दोन पांढऱ्या छत्र्या विकत घेतल्या. वाणिज्य शाखेच्या माणसाला या शास्त्राचा गंध नव्हता. जे शिकलो ते चुकत शिकलो. त्या चुका वाचकांच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्याच संध्याकाळी काढलेल्या फोटोंचा खालचा भाग काळा आला. दिवा बिघडला असे वाटले. खरे कारण निराळे होते. कॅमेऱ्यात प्रकाश आत घेणारे दोन पडदे असतात. पहिला उघडतो आणि दुसरा मागून येऊन बंद करतो. वेग फार ठेवला तर पहिला पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघतो आणि दोहोंमधली एक फट तेवढी सरकत जाते. फ्लॅशचा लखलखाट सुमारे एक हजारांश सेकंदच टिकतो. त्या क्षणी पडद्याआड असलेला भाग अंधारातच राहतो. बँकेच्या लॉकरला ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन्ही किल्ल्या एकाच वेळी लागतात. त्याचप्रमाणे पडदा पूर्ण उघडा असणे आणि दिवा चमकणे या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडाव्या लागतात. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० सेकंद असते आणि ती माहितीपुस्तिकेत दिलेली असते. मी १/१२५ वर स्थिर राहिलो आणि तक्रार मिटली.

दुसरा धडा हिशोबाचा. खोलीतल्या साध्या उजेडात पडद्याचा वेग कमी केला की फोटो उजळतो. फ्लॅशच्या बाबतीत तसे होत नाही, कारण पडदा किती वेळ उघडा आहे यापेक्षा लखलखाटाचे आयुष्य फारच लहान असते. फ्लॅशचा परिणाम ठरवणाऱ्या गोष्टी चार: दिव्याची शक्ती, दिव्याचे अंतर, भिंगाचे छिद्र आणि आयएसओ. त्यांत अंतराचा हिशोब व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. अंतर दुप्पट केले तर प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो. आठ फुटांवरचा दिवा चार फुटांवर आणला, तर प्रकाश चौपट. त्यामुळे दिव्याचे बटण फिरवण्याआधी स्टँड दोन पावले पुढेमागे करून पाहावा. मी आयएसओ १०० आणि छिद्र एफ ८ ठेवून सुरुवात करतो, एक फोटो काढतो, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहतो आणि मग शक्ती कमीजास्त करतो. फिल्मच्या काळी धुऊन येईपर्यंत चूक कळत नसे. आता ती दोन सेकंदांत कळते आणि तिची किंमत शून्य आहे.

तिसरा धडा प्रकाशाच्या मऊपणाचा. भर दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर काळ्या कडक सावल्या पडतात, आणि तेच ऊन ढगाआड गेले की चेहरा सौम्य दिसतो. कारण तेव्हा उजेड एका ठिपक्यातून न येता साऱ्या आकाशातून येतो. पांढरी छत्री हेच काम करते. उघड्या दिव्याचा लहान ठिपका ती तीन फुटांचा करते. छत्री चेहऱ्याच्या जितकी जवळ, तितका प्रकाश मऊ. वयस्कर माणसांसाठी तर हे आवश्यकच, कारण अगदी बाजूने आलेला कडक प्रकाश प्रत्येक सुरकुती खोल करतो. मुख्य दिवा चेहऱ्याच्या एका बाजूला साधारण पंचेचाळीस अंशांवर आणि डोळ्यांपेक्षा उंच ठेवावा. दुसऱ्या बाजूला दिव्याऐवजी थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला तरी सावली पुरेशी उजळते. बसणाऱ्याला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे बसवावे, म्हणजे मागे सावली पडत नाही.

आपल्या घरांच्या भिंती पिस्ता, गुलाबी, आकाशी अशा रंगांच्या असतात. त्यांवरून परतणारा उजेड आपला रंग चेहऱ्यावर आणून सोडतो. माझ्या पहिल्या फोटोंत सूनबाई काविळ झाल्यासारख्या दिसत होत्या, ते हळदी रंगाच्या भिंतीमुळे. बाजूच्या भिंतीवर पांढरी चादर टांगली की हा दोष जातो. फ्लॅशचा प्रकाश दिवसाच्या उन्हाच्या रंगाचा, सुमारे ५५०० केल्व्हिनचा असतो. कॅमेऱ्याचा रंगसमतोल त्यानुसार ठेवावा आणि खोलीतले पिवळे दिवे बंद करावेत. चष्मा असेल तर दिवा आणखी उंच न्यावा आणि चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचलाव्यात. काचा जमिनीकडे झुकतात आणि त्यांतले ठिपके नाहीसे होतात. बाबूजींच्या फोटोत हीच एक गोष्ट कुणी केली असती तर!

सुरक्षिततेबद्दल दोन शब्द. अनेकांच्या माळ्यावर काकांचा, मामांचा फिल्मच्या जमान्यातला जुना फ्लॅश असतो. तो नव्या कॅमेऱ्याला थेट जोडू नये. अशा काही जुन्या फ्लॅशच्या जोडणीवर दोनशे व्होल्टहून अधिक दाब असतो. जुन्या कॅमेऱ्याचा यांत्रिक संपर्क तो सहन करी, डिजिटल कॅमेऱ्यातले नाजूक परिपथ त्याने जळू शकतात. मध्ये बिनतारी ट्रिगर वापरावा, म्हणजे दिवा आणि कॅमेरा यांचा विजेचा संबंधच राहत नाही. फ्लॅश घरी उघडून पाहू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या आत धोकादायक विद्युतभार साठून राहतो. प्लग तीन पिनांचाच असावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात आपल्याकडे विजेचा दाब खाली-वर होतो, तेव्हा दिवा पुन्हा भरायला अधिक वेळ घेतो. अशा वेळी घाई करू नये. आणखी एक मर्यादा आपण जाणतोच: साधु-साध्वींच्या सान्निध्यात विजेच्या उपकरणांबाबत जे नियम पाळले जातात, तेथे कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

आमच्या खामगावला रजतनगरी म्हणतात. त्यामुळे हे दिवे घरात आल्यावर भाचा चांदीची भांडी घेऊन आला. त्याला गिऱ्हाइकांना मोबाइलवर फोटो पाठवायचे होते. चांदीने मात्र आम्हांला चांगलेच दमवले. चकाकलेली चांदी हा आरसाच. पहिल्या फोटोत तांब्यावर छताचा पंखा, माझा सदरा आणि भाच्याचे नाक असे सारे उमटले होते. मग कळले की चांदीवर उजेड पाडायचा नसतो, चांदी ज्याकडे पाहते त्यावर पाडायचा असतो. भांड्याभोवती पांढऱ्या मलमलीचा तंबू केला, दिवे तंबूच्या बाहेरून कापडावर रोखले आणि कॅमेऱ्याच्या भिंगापुरती फट ठेवली. भांड्यात आता फक्त पांढरे कापड दिसू लागले. सारेच पांढरे झाल्याने कडा हरवल्या, म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या उभ्या केल्या. गोलाई उठून दिसली. नक्षी दाखवायची असेल तेव्हा एक दिवा बंद करून दुसरा बाजूने तिरका ठेवावा. कापड दिव्याला टेकू मात्र देऊ नये, कारण फ्लॅशमधला मार्गदर्शक बल्ब बराच तापतो.

सहा महिने असा सराव झाल्यावर मी बाईंकडे विषय काढला. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले आणि म्हणाल्या, “हार घालायचा फोटो काढतोस ना रे?” मला उत्तर सुचेना. खोटे बोलणे शक्य नव्हते. मी म्हणालो, “बाई, बाबूजींचा तसा फोटो नाही, याचे मला वाईट वाटते.” त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच निरोप धाडला: फोटो काढायचा तर वर घरात नाही, खाली दुकानात, गादीवर.

आम्ही चकित झालो, आणि मग ओशाळलो. बाबूजी वर्षभर अंथरुणाला खिळले होते, तेव्हा रोज संध्याकाळी खाली येऊन रोकड जुळवणाऱ्या बाईच होत्या. मी तेव्हा नोकरीनिमित्त परगावी, धाकटा भाऊ अजून शिकत होता. त्या वर्षी एकाही व्यापाऱ्याचे देणे थकले नाही. तरी आमच्या अल्बमांत दर दिवाळीच्या वहीपूजनाचे फोटो आहेत, त्यांत गादीवर पुरुषच आहेत. बाई पूजेचे ताट तयार करून आत गेलेल्या असत.

बाजार बंद असलेल्या दिवशी आम्ही दुकानात दिवे लावले. जागा अरुंद, म्हणून एकच छत्री आणि समोर थर्माकोल. बाईंनी त्या वर्षाची लाल वही मांडीवर घेतली. पहिले आठ-दहा फोटो ताठ आले. मग मी कॅमेरा खाली ठेवला आणि सहज विचारले, “बाई, त्या वर्षी सरकीचा भाव काय होता?” त्यांनी वही उघडली, चष्मा सावरला आणि पान शोधू लागल्या. सापडल्यावर मान वर करून माझ्याकडे पाहिले. बटण पुतण्याने दाबले.

तो फोटो छापून आणला तेव्हा सूनबाईंनी सुचवले की संगणकावर सुरकुत्या थोड्या कमी करता येतील. आम्ही काहीच बदलले नाही. बाईंनी तो बराच वेळ हातात धरला, आणि म्हणाल्या, “हा आत्ताच लावा. दुकानात. मी पाहीन असा.”

आज त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत. गादीमागच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे, त्याला हार नाही. गिऱ्हाईक विचारते, “ह्या कोण?” आणि भाऊ त्या वर्षाची गोष्ट सांगतो.

वाचकांना एवढीच विनंती. दिव्यांची जोडी नसली तरी चालेल. खिडकीजवळची खुर्ची, एक पांढरी चादर आणि एक थर्माकोल एवढ्यावरही प्रारंभ होतो. घरातल्या ज्येष्ठांना विचारा, तुम्हांला कुठे बसून फोटो काढायला आवडेल? उत्तर ऐकल्यावर कदाचित तुम्हीही आमच्यासारखे चकित व्हाल. तांत्रिक बाबी सरावाने येतात. हा प्रश्न विचारायला मात्र आम्हांला फार उशीर झाला होता, आणि बाबूजींच्या बाबतीत तर तो राहूनच गेला.