हातगुण – लेखांक 6 : ‘किती सिटिंग लागतील?’

आजी कॉटवर बसल्या, पातळ गुडघ्यापर्यंत सारखं करून पाय लांब केले आणि वाट बघत राहिल्या. मी टॉवेलची घट्ट गुंडाळी करून त्यांच्या गुडघ्याखाली सरकवली. “आजी, आता गुडघ्यानं टॉवेल खाली दाबा. मी पाच म्हणेपर्यंत सोडायचं नाही.” दहा वेळा झालं. मांडीचा स्नायू पहिल्या तीन वेळा नीट आवळला, नंतर थरथरायला लागला. मी हात ठेवून तो चाचपत होते. त्यांची नजर मात्र कोपऱ्यातल्या ट्रॉलीवर.

“अगं, आज करंट नाही का लावणार?”

हा प्रश्न मला आठवड्यातून दहा वेळा तरी ऐकू येतो, आणि तो विचारणाऱ्याचा दोष नाही. फिजिओथेरपी म्हणजे करंट, लाइट, शेक हे लोकांना आम्हीच शिकवलं. करंट म्हणजे बहुतेक वेळा आयएफटी. सांध्याभोवती चार पॅड, पंधरा-वीस मिनिटं मुंग्या आल्यासारखं वाटतं, मग थोडा वेळ हलकं वाटतं. पेशंटला काही करावं लागत नाही. आम्हालाही फार काही करावं लागत नाही, आणि आजचा विषय नेमका तिथूनच सुरू होतो.

मी शिकून बाहेर पडले तेव्हा सुरुवातीची दोन वर्षं एका क्लिनिकमध्ये नोकरी केली. चार पडदे, चार कॉट, चार मशीन. दहा सिटिंगचं एक कार्ड असायचं. एका पडद्याआड पॅड लावायचे, टायमर फिरवायचा, दुसऱ्या पडद्याआड जायचं. घंटा वाजली की पॅड काढायचे, कार्डावर सही करायची, ‘उद्या या’ म्हणायचं. मला कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. एका काकांची तीन कार्डं भरली. शेवटच्या दिवशी ते सहज म्हणाले, “मॅडम, इथून जाताना बरं वाटतं, पण जिना अजून चढवत नाही.” तीस दिवस ते माझ्याकडे येत होते आणि मी त्यांना एकदाही जिन्याजवळ नेलं नव्हतं. ते कोणत्या मजल्यावर राहतात हेही मला माहीत नव्हतं. ती गोष्ट आजही मला टोचते.

गुडघ्याची झीज झाली की मांडीचा पुढचा स्नायू अशक्त होतो. तो अशक्त झाला की सांध्यावरचा ताण वाढतो, दुखतं म्हणून माणूस हालचाल कमी करतो आणि स्नायू आणखी सुकतो. हे चक्र तोडायचं तर स्नायूला भार द्यावा लागतो, तोही हळूहळू वाढवत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं 2022 मध्ये सांध्यांच्या झिजेसाठीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात व्यायाम हा उपचाराचा पाया मानला आहे. टेन्स, अल्ट्रासाउंड, आयएफटी असले विद्युत उपचार या आजारात देऊ नयेत, कारण त्यांच्या उपयोगाचा पुरेसा पुरावा नाही, असं सांगितलं आहे. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनं 2014 मध्येच आपल्या सभासदांना बजावलं होतं, की पेशंटला व्यायामापर्यंत नेण्यासाठी गरज असेल तेव्हाच असे निष्क्रिय उपचार वापरा. निष्क्रिय म्हणजे पेशंट नुसता पडून असतो ते. मशीनला जागाच नाही असं नाही. दुखणं इतकं असेल की पाय हलवताच येत नाही, तर वेदना कमी करायला मी अजूनही चार-दोन दिवस टेन्स लावते. पण ते दार उघडण्यापुरतं.

हे ठाऊक असूनही मशीन चालत राहतं, कारण आमचं उत्पन्न पेशंटच्या येण्यावर आणि आमचं काम त्याचं येणं थांबवण्यावर आहे. या व्यवसायातली सगळ्यात अवघड जागा मला हीच वाटते. त्यात ‘कट’ची भर पडते. पेशंट पाठवणाऱ्याला प्रत्येक सिटिंगमागे हिस्सा द्यायचा ठरला, की सहा सिटिंगचं काम पंधरावर जातं. हे पैसे भरतं ते पेशंटचं घर. महाराष्ट्र सरकारनं 2017 मध्ये कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करून घेतला होता, यावरून दुखणं किती खोल आहे ते कळावं.

मागच्या लेखांकात आपण लंडनच्या चार परिचारिकांची गोष्ट पाहिली. 1894 मध्ये मसाजच्या नावाखाली चालणारे गैरप्रकार उघड झाले, तेव्हा त्यांनी संस्था काढून स्पर्शाबद्दलचे कडक नियम केले. त्याच नियमांमध्ये आणखी दोन होते: वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कुठं जाहिरात करायची नाही आणि पेशंटला औषधं विकायची नाहीत. स्पर्शाइतकाच पैशाचा मोह धोक्याचा, हे त्या चौघींना पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

मशीन बंद केलं म्हणजे आपण शुद्ध झालो, असंही नाही. सगळ्या गुडघ्यांना एकच झेरॉक्स कागद देणं हीसुद्धा फसवणूकच. वयस्कर माणसाला वर्षभर अर्ध्या किलोच्या वजनावरच ठेवणं हीदेखील. पडतील, दुखेल, तक्रार येईल या भीतीनं आपण भार वाढवत नाही आणि त्याला काळजी म्हणतो. उलट, अर्धांगवायूच्या किंवा सेरेब्रल पाल्सीच्या पेशंटला महिनोन्‌महिने यावंच लागतं. तिथं सिटिंग कमी सांगून घरच्यांना खूश करणं अप्रामाणिकपणाचं. आकडा लहान की मोठा हा प्रश्न नाही, तो कशावरून काढला हे सांगता आलं पाहिजे.

म्हणून पहिल्या दिवशी ‘किती सिटिंग?’ याच्या जोडीला विचारा: काय जमायला लागेल, ते कधी मोजणार आणि घरी मी काय करायचं? राज्याच्या 2002 च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या परिषदेकडची नोंदणी आहे का, हेही विचारा. राग आला तर येऊ द्या.

आजींना मी खुर्चीवर बसवलं. हात छातीवर बांधून, तीस सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा उठून बसायचं. सत्तरीतल्या बाईला दहाच्या आत आकडा आला तर कमी धरतात. पहिल्या दिवशी त्यांचे चार झाले होते, आज तिसऱ्या आठवड्यात आठ. मी कागदावर चार आणि आठ शेजारी शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं.

“मग उद्या येऊ?”

“पंधरा दिवसांनी या. तोवर सकाळ-संध्याकाळ घरीच करायचं. देवघरासमोरच्या पाटावर मात्र अजून नको, खुर्चीवरच.”

“आणि करंट?”

“दुखायला लागलं तर फोन करा. बघू.”

त्यांना ते पुरतं पटलं नव्हतं, पण कागद घडी करून त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवला.

(पुढील लेखांक : पेशंटच्या घरी जाऊन उपचार करताना)