नवे भाऊसाहेब गावात रमतात कशाने?

परीक्षा देऊन, यादीत नाव लागून पंचवीस वर्षांचं पोरगं कळवण तालुक्यात ग्रामसेवक किंवा गुरुजी म्हणून येतं. अख्खा तालुका अनुसूचित क्षेत्रात. गाव एकीकडे, पाडे दुसरीकडे. पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढायची. हजर झाल्या दिवसापासून डोक्यात एकच विषय : बदली.

शासनाने पैशाचा उपाय केला. आदिवासी भागातील कर्मचाऱ्यांसाठी २००२ मध्ये एकस्तर वेतनश्रेणी आली. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये ६ हजारांवरून १६ हजार झाले. हे योग्यच. पण पगारामुळे हजेरी लागते, कामात जीव लागायला कारभारी चांगला लागतो.

नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार पाहा. दुष्काळ, दारू आणि भांडणे यांमुळे कर्मचाऱ्यांना तिथे शिक्षा म्हणून पाठवीत. १९८९ मध्ये एम.कॉम. झालेले तरुण पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. सुरुवात शाळेपासून झाली. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे निर्णय ग्रामसभेत झाले, श्रमदानाला सरपंच स्वतः उभे राहिले. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले. आपण लावलेलं झाड गाव जगवणार, अशी खात्री असली की नोकरदारही मन लावून राबतो. पूर्वी जे गाव टाळत, तिथे आज अधिकारी शिकायला जातात.

आता आपल्याकडे बघू. काही ठिकाणी पहिल्याच दिवशी ऐकू येतं, "भाऊसाहेब, तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो." पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की वसुली सहीवाल्यावर! असं पोरगं कागद सांभाळतं, कामाला हात लावत नाही. दुसरे कारभारी सगळं त्याच्यावर टाकून मोकळे होतात. तेही तितकंच वाईट. नवख्याला वाट दाखवावी लागते.

जाणता सरपंच पहिल्या आठवड्यात त्याला बरोबर घेऊन पाडे फिरवतो, माणसं ओळखीची करून देतो. २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्यालाही स्वतःच्या ग्रामसभेची वाट मोकळी केली आहे. खर्चाचा ठराव तिथे उघड झाला, तर सही करताना हात थरथरत नाही. चूक झाली तर चारचौघांत नको, बाजूला घेऊन सांगावी. काम चांगलं झालं तर ग्रामसभेत नाव घेऊन सांगावं. नवीन ग्रामसेविका किंवा बाई आल्या, तर राहायला धड खोली मिळते का, हे आधी पाहावं.

हाच धडा पंचायत समितीलाही लागू आहे. आढावा बैठकीत नुसते आकडे विचारून झाडाझडती घेतली, तर खालून खोटे आकडे येतात. "अडचण कुठं आली?" असं विचारलं, तर खरी माहिती येते.

२०२४ पासून ग्रामसेवक 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले. पाटी बदलली, पण लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात. त्या हाकेत आपलेपणा आहे. कारभारातही तो दिसला, तर बदलीचा अर्ज लिहिताना पोरगं दोनदा विचार करील.