‘पाच’ या आकड्याला धाडलेला निरोप

२५ डिसेंबर २०२५ रोजी रूबी या प्रोग्रामिंग भाषेची ४.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. नाताळच्या दिवशी नवी आवृत्ती देण्याचा या भाषेचा रिवाज जुनाच आहे. या वेळचे निमित्त मात्र मोठे होते, कारण युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ च्या डिसेंबरात जपानमधील जाणकारांपुढे ही भाषा पहिल्यांदा ठेवली, त्याला तीस वर्षे पूर्ण झाली. नव्या आवृत्तीबरोबर प्रोग्रामचा वेग वाढवू पाहणारी ‘झेडजिट’ ही यंत्रणा आणि ‘रूबी बॉक्स’ ही अद्याप प्रायोगिक असलेली सोय अशा दोन गोष्टी आल्या. वेगाच्या बातमीला जागा नेहमीच मिळते; परंतु बॉक्स, म्हणजे पेटी, ही या भाषेच्या स्वभावाविषयी अधिक बोलते, आणि ते बोलणे समजून घ्यायचे तर ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ आणि ‘डायनॅमिक’ या वापरून गुळगुळीत झालेल्या दोन विशेषणांचा अर्थ पुन्हा तपासून पाहावा लागतो.

निरोप महत्त्वाचा, वंशावळ नव्हे

आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ऑब्जेक्टची ओळख बहुधा सी++ किंवा जावामधून होते, आणि ती वंशावळीच्या रूपात होते: ‘प्राणी’ हा मूळ क्लास, म्हणजे साचा, त्यातून निघालेले ‘कुत्रा’ आणि ‘मांजर’ हे उपसाचे, आणि परीक्षेपुरती पाठ केलेली चार तत्त्वे. ही मांडणी चुकीची नाही, कारण क्लासची कल्पना खरोखरच ओस्लो येथे ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात घडवलेल्या सिम्युला या भाषेतून आली; पण ती अपुरी आहे. ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ हा शब्द रूढ करणारे ॲलन के यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात सहकाऱ्यांसह स्मॉलटॉक ही भाषा रचली, तेव्हा जीवशास्त्र शिकलेल्या या संशोधकाच्या डोळ्यांसमोर पेशी होत्या: प्रत्येक पेशीचे अंतरंग तिच्यापुरते झाकलेले, आणि एकीचा दुसरीशी व्यवहार केवळ संदेशांतून. पुढे आपणच दिलेल्या नावाबद्दल त्यांनी खंत व्यक्त केली, कारण त्या नावामुळे सगळ्यांचे लक्ष ऑब्जेक्टकडे वळले आणि त्यांच्यामधून जाणारा संदेश, म्हणजे निरोप, मागे पडला.

रूबीने स्मॉलटॉककडून उचलला तो हा निरोपच. रूबीत ‘५ + ३’ असे लिहिले की वरवर साधी बेरीज दिसते, परंतु प्रत्यक्षात ५ या ऑब्जेक्टला ‘+’ नावाचा निरोप जातो, सोबत ३ हा ऐवज असतो, आणि त्या निरोपाचे काय करायचे हे ५ ठरवतो. बेरजेचे चिन्ह हे येथे व्याकरणाने दिलेली सवलत असून ‘५.+(३)’ असे लिहूनही तेच उत्तर मिळते. जावामध्ये साधे आकडे ऑब्जेक्टांच्या पंगतीबाहेर बसवलेले आहेत. रूबीत आकडे, अक्षरमाला, खरे, खोटे हे सगळे एकाच पंगतीत आहेत, आणि ‘काहीच नाही’ हे सांगणारा ‘निल’ हाही त्यांच्याच शेजारी आहे. निलला ‘अक्षरे हो’ म्हटले तर तो रिकामी अक्षरमाला देतो, ‘आकडा हो’ म्हटले तर शून्य देतो. अर्थात, यामुळे रिकाम्या संदर्भाचा जुना आजार बरा होत नाही. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये जिची योजना केली आणि २००९ मध्ये स्वतःच जिला अब्जावधी डॉलरची चूक ठरवले, तीच ही गोष्ट आहे, आणि निलला न कळणारा निरोप धाडल्याची चूक रूबी लिहिणाऱ्याला आजही नित्यनेमाने भेटते.

निरोप पोहोचला की त्याला उत्तर देणारी मेथड, म्हणजे कामाची कृती, शोधावी लागते. रूबी आधी त्या ऑब्जेक्टच्या क्लासमध्ये पाहते, मग त्या क्लासने सामावून घेतलेल्या मोड्यूलांमध्ये, म्हणजे उसन्या घेतलेल्या कृतींच्या जुडग्यांमध्ये, मग वरच्या क्लासमध्ये, असे करत अगदी मूळ पुरुषापर्यंत जाते. तेथेही काही सापडले नाही तर ती ‘मेथड मिसिंग’ या शेवटच्या खिडकीवर निरोप नेऊन देते, आणि त्या खिडकीवर कोणाला बसवायचे हे प्रोग्रामरच्या हाती असते. ‘नावावरून शोध’, ‘नाव आणि गाव यांवरून शोध’ असे पूर्वी कोणीही लिहून न ठेवलेले निरोप ओळखून डेटाबेसमधून नोंदी काढून देण्याचे ‘रेल्स’ या प्रसिद्ध चौकटीचे कसब एके काळी याच खिडकीवर चालत असे.

नाव नको, काम दाखवा

डायनॅमिक हे दुसरे विशेषण बहुतेक वेळा शिथिल या अर्थाने घेतले जाते, आणि तेथेच गफलत होते. जावासारख्या स्थिर भाषेत व्हेरिएबलच्या नावावर आधीच शिक्का मारलेला असतो की यात आकडाच राहील किंवा अक्षरेच राहतील, आणि प्रोग्राम चालण्यापूर्वी कंपायलर हे शिक्के तपासतो. रूबीत शिक्का नावावर नसतो, तो मूल्यावर असतो. एकाच नावाखाली आता आकडा आणि नंतर अक्षरमाला राहू शकते आणि तपासणी प्रोग्राम चालू असताना, निरोप पोहोचण्याच्या क्षणी होते. याचा अर्थ काहीही खपते असा नव्हे. ५ या आकड्यात ‘३’ ही अक्षरमाला मिळवू पाहिली तर जावास्क्रिप्ट दोन्ही एकमेकांना चिकटवून ‘५३’ हाती देते, रूबी मात्र काम थांबवून चूक दाखवते.

यातूनच ‘डक टायपिंग’ नावाची रीत निघते. समोरचा ऑब्जेक्ट कोणत्या कुळातला आहे हे विचारायचे नाही, हवा तो निरोप त्याला कळतो का एवढेच पाहायचे. ओळ वाचून देणारा ऑब्जेक्ट खरी फाइल आहे, इंटरनेटवरची जोडणी आहे की चाचणीपुरते उभे केलेले सोंग आहे, याची चौकशी वाचणाऱ्याला करावी लागत नाही. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण ज्या दोषावर बोट ठेवते, त्या दोषाला ही भाषा फसत नाही, कारण ती नाव विचारतच नाही, थेट हात पाहते. किंमत अशी की हाती कथील असल्याचे कळते ते प्रत्यक्ष देवघेवीच्या वेळी, दुकान उघडण्यापूर्वी नव्हे.

मात्सुएचे सद्गृहस्थ

या सगळ्या निवडींमागे एका माणसाची रुची आहे, आणि रूबीच्या बाबतीत ती बाजूला ठेवून भाषेविषयी बोलता येत नाही. १९६५ मध्ये जन्मलेल्या मात्सुमोतो यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये कामाला हात घातला, तेव्हा पर्ल त्यांना खेळण्यासारखी वाटत होती आणि पायथनमध्ये ऑब्जेक्ट वरून जोडल्यासारखे दिसत होते. त्यांना पर्लइतकी हाताशी येणारी आणि स्मॉलटॉकइतकी अंतर्बाह्य ऑब्जेक्टांची भाषा हवी होती. पर्ल हा शब्द मोत्याची आठवण देतो म्हणून नव्या भाषेलाही रत्नाचे नाव शोधण्यात आले. ‘कोरल’ आणि ‘रूबी’, म्हणजे पोवळे आणि माणिक, अशी दोन नावे पुढे होती, त्यांतले माणिक निवडले गेले.

यंत्राची सोय नव्हे, तर लिहिणाऱ्याचा आनंद हे आपले उद्दिष्ट असल्याचे मात्सुमोतो सातत्याने सांगत आले आहेत. भाषेने कमीत कमी धक्के द्यावेत असे तत्त्व तिच्या नावावर सांगितले जाते. कोणाला कमी धक्के, असे विचारल्यावर स्वतः मात्सुमोतोंना, असे त्यांनी प्रांजळपणे स्पष्ट केले आहे. होय-नाही उत्तर देणाऱ्या मेथडच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आणि जपून वापरण्याच्या मेथडपुढे उद्गारचिन्ह, ही रीत वाचणाऱ्याच्या कानाला जपणारी आहे. शिमाने प्रांतातील मात्सुए हे शिंजी सरोवराकाठचे लहानसे शहर, जेथे ते राहतात, स्वतःला रूबीचे शहर म्हणवते आणि त्याने मात्सुमोतोंना मानद नागरिकत्वही दिले आहे. भाषा घडवणाऱ्याचा असा नागरी सत्कार संगणकाच्या जगात क्वचितच झाला असेल.

जपानबाहेर रूबी पोहोचली ती २००० नंतर, इंग्रजीतील पहिल्या भरघोस पुस्तकामुळे, आणि तिचा बोलबाला झाला तो २००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी खुल्या केलेल्या रेल्समुळे. गिटहब, शॉपिफाय, आरंभीचे ट्विटर ही नावे त्या लाटेची आहेत, आणि भारतातील रूबीकारांची वार्षिक परिषद पुण्यात व पुढे गोव्यातही भरली, हा त्याच लाटेचा आपल्या किनाऱ्याला झालेला स्पर्श होता.

पाच डॉट लाख

रूबीचे मोठेपण आणि तिचे दुखणे एकाच जागी आहे, ते म्हणजे तिचे क्लास कायमचे उघडे असतात. भाषेसोबत आलेला, सर्व पूर्णांकांचा ‘इंटिजर’ हा क्लासदेखील कोणीही पुन्हा उघडून त्यात नवी मेथड घालू शकतो. मेथडचे नाव देवनागरीत चालते, त्यामुळे ‘लाख’ नावाची, स्वतःला एक लाखाने गुणणारी मेथड एका ओळीत लिहिली की त्या क्षणापासून त्या प्रोग्राममधल्या प्रत्येक पूर्णांकाला ती येते आणि ‘५.लाख’ असे विचारल्यावर ५,००,००० हे उत्तर मिळते. मोठ्या संख्येत वाचनासाठी अधोरेषा टाकण्याची मुभाही कोणत्याही गटवारीला आहे, म्हणून लक्षाची आपली १_००_००० ही मांडणी रूबीला विनातक्रार मान्य आहे. मुभेला सीमा मात्र आहेत: क्लासचे नाव मोठ्या, म्हणजे कॅपिटल, अक्षराने सुरू व्हावे लागते आणि देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने क्लासचे बारसे मराठीत करता येत नाही, आणि ‘५’ या देवनागरी अक्षराला ‘आकडा हो’ म्हटले तर उत्तर शून्य येते, कारण रूबीच्या लेखी आकडे इंग्रजी वळणाचेच.

आता असे समजावे की एका प्रोग्राममध्ये दोन परक्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले तयार कोड, जोडल्या आहेत, आणि दोघींनीही इंटिजरला ‘लाख’ शिकवले आहे. पहिलीचे लाख संख्या परत करते, दुसरीचे ‘५ लाख रुपये’ अशी छापण्याजोगी अक्षरे. जी नंतर लोड होते तिची व्याख्या टिकते, पहिलीची निमूट पुसली जाते, आणि हिशेब फसतो तो तिसऱ्याच ठिकाणी, जेथे दोघींचेही नाव नसते. या प्रकाराला ‘मंकी पॅचिंग’ म्हणतात आणि तो केवळ रूबीचा रोग नाही: २०१८ मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रमाणीकरण समितीला एका नव्या मेथडचे ‘फ्लॅटन’ हे नाव सोडून ‘फ्लॅट’ असे करावे लागले, कारण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने तेच नाव आधी वापरून ठेवले होते आणि जुनी संकेतस्थळे मोडण्याचे भय होते.

वेगाचा प्रश्नही याच उघडेपणातून येतो. बेरीज ही मेथडच असल्याने तीही कोणी बदललेली असू शकते, म्हणून ‘५ + ३’ करण्यापूर्वी रूबीला ती मूळचीच आहे ना याची खात्री ठेवावी लागते. चालत्या प्रोग्रामचे निरीक्षण करून त्याच्या वर्दळीच्या भागांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी २०२१ मधील ‘वायजिट’ आणि आताची झेडजिट या दोन्ही यंत्रणा अशा तपासण्या कमीत कमी करण्यासाठी आहेत. झेडजिट अद्याप वायजिटइतकी वेगवान नाही, तेव्हा त्या आघाडीवर तूर्त एवढेच.

रूबी बॉक्सचे महत्त्व त्याहून वेगळे आहे. एका पेटीत लोड केलेल्या लायब्ररीने केलेले फेरफार, अगदी इंटिजरसारख्या मूळ क्लासमधलेसुद्धा, त्या पेटीतच राहतात. त्यामुळे संख्या देणारे लाख एका पेटीत आणि रुपये छापणारे लाख दुसरीत, असे एकाच प्रोग्राममध्ये सुखाने नांदू शकतात. २०१३ मधील २.० आवृत्तीत आलेल्या ‘रिफाइनमेंट’ या सोयीने फेरफाराला एखाद्या फाइलपुरते कुंपण घालता येत होते, परंतु ते फेरफार करणाऱ्याने स्वतःहून घालावे लागे. पेटी ही फेरफार सोसणाऱ्याच्या हाती आहे, हा फरक लहान नाही.

टीकाकार म्हणतील की ही उशिरा आलेली कबुली आहे: सर्वांना सर्व दारे उघडी ठेवणारी भाषा एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या लोकांत शोभते, आणि शेकडो अनोळखी लायब्रऱ्या, त्यात भर म्हणून यंत्राने लिहिलेला कोड, अशा आजच्या मेळ्यात ती भाबडी ठरते. या आक्षेपात तथ्य आहे आणि स्थिर प्रकारांकडे झालेली जगाची ओढ त्याचीच साक्ष देते. तरीही मात्सुमोतो यांनी २०२० च्या ३.० आवृत्तीत प्रकारांची नोंद करण्याची सोय दिली ती वेगळ्या फाइलमध्ये, कारण प्रत्यक्ष कोडमध्ये शिक्क्यांची गर्दी त्यांना नको होती. पेटीच्या बाबतीतही त्यांच्या भाषेने तोच बाणा राखला आहे. प्रोग्राम सुरू करताना मुद्दाम मागितली तरच पेटी मिळते. न मागणाऱ्यासाठी इंटिजर आजही उघडाच आहे, आणि तेथे पाचाला लाख शिकवायचे की नाही हा निर्णय ज्याने कोड लिहिला त्याच्या शहाणपणावर सोडलेला आहे. चार तत्त्वे पाठ करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला ही जबाबदारी एकदा तरी हाताळायला मिळाली, तर ऑब्जेक्ट म्हणजे काय हे त्याला कुत्र्या-मांजराच्या वंशावळीपेक्षा अधिक लवकर कळेल.