भूकंपमापकाचे तीन चॅनेल आणि मिलिसेकंदांचा घोळ
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. त्यात सास्तूर गावही उद्ध्वस्त झालं. तीव्रता ६.२, हा आकडा अनेकांना पाठ आहे. पण यंत्र धक्का टिपतं कसं, हे फार कुणी विचारत नाही.

भूकंपमापकाला सहसा तीन चॅनेल असतात: वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. स्वस्तातल्या डेटा लॉगरमध्ये (नोंदी साठवणाऱ्या यंत्रात) एकच एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारा भाग, आळीपाळीने तिन्ही वाचतो, पंगतीत एकच वाढपी फिरावा तसा. सेकंदाला १०० नमुने घेताना शेजारच्या दोन चॅनेलमध्ये ३.३ मिलिसेकंदांपर्यंत फरक पडू शकतो. १० हर्ट्झच्या लहरीत तो फेजमध्ये १२ अंशांचा! जमीन कोणत्या दिशेने हलली हे तिन्ही नोंदी जुळवूनच काढतात, म्हणजे तिथेच गोंधळ. त्यामुळे चांगल्या यंत्रात प्रत्येक चॅनेलला वेगळा एडीसी आणि सगळ्यांना मिळून एक क्लॉक. (फरक ठरावीक असेल तर सॉफ्टवेअरनेही सावरता येतो.)

वेगवेगळ्या केंद्रांच्या नोंदी जुळवायला मात्र जीपीएसची वेळ हवीच. भूकंपाची सर्वांत आधी पोचणारी पी-लहर कठीण खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते, घड्याळ ०.१ सेकंद चुकलं तर अंतरात ६०० मीटरची चूक. लॉगर घेताना सगळे आधी ‘किती बिटचा?’ विचारतात. मी आधी टायमिंग बघतो.