कुमारजींचे गाणे आणि आपला माळवा

आमच्या गौतमपुऱ्याचे नाव बाहेरगावी निघते ते हिंगोट युद्धामुळे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इकडचा तुर्रा आणि रुणजीचा कलगी असे दोन संघ समोरासमोर उभे राहतात. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना हे शब्द ऐकून नवल वाटते, कारण तिकडे कलगी-तुरा म्हणजे शाहिरांचे सवाल-जवाब. दोन्हीकडच्या गाण्यांची ओळख अशी जुनी आहे. तरी आपल्यापैकी बऱ्याच घरांत नाट्यगीत ते आपले आणि माळवी गाणे ते शेजाऱ्यांचे, असा हिशेब वर्षानुवर्षे चालला. तो ज्यांनी मोडला ते पं. कुमार गंधर्व इंदूरपासून चाळीस किलोमीटरच्या आत, देवासला राहत होते.

8 एप्रिल 1924 रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र कोमकली कानडी घरातले. लहानपणीच मैफली गाजवून ते मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला आले. 1947 मध्ये भानुमतीबाईंशी लग्न झाले, आणि लगेच क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी 1948 च्या सुरुवातीला ते देवासला आले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद. पुढे स्ट्रेप्टोमायसिनने गुण आला, पण त्या काळात गवयाला करता येण्याजोगे एकच काम उरले होते, ते म्हणजे ऐकणे.

कानावर काय पडत होते? टेकडीवरच्या देवीला जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नातल्या बन्ना-बन्नी, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी पदे. माळवी लोकगीत बहुधा चार-पाच सुरांतच फिरते. आपण म्हणू, त्यात काय आहे? कुमारजींना त्यात रागाचे बी दिसले. धून आधी आणि राग मागून, असे त्यांचे म्हणणे. लोकधुनांतून त्यांनी मालवती, संजारी, लगनगंधार, अहिमोहिनी, मधसुरजा असे राग उभे केले आणि त्यांना धुनउगम राग म्हटले. मधसुरजाच्या बंदिशीत बळीसाठी नेलेल्या शेळीची देवीला केलेली विनवणी आहे. दरबारी गाण्यात हा विषय कुठून येणार? 1965 मध्ये निघालेल्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह आहेत. कानडी मायबोली, मराठी गुरू, आणि शब्द मात्र अनेकदा माळवी!

त्यांनी सगळ्याची खिचडी केली असे काही जण समजतात, ते बरोबर नाही. लोकगीत गाताना ते त्यात ताना भरत नसत. त्याचा साधा, जमिनीवरचा सूर तसाच ठेवत. कबीराचे पद गाताना आवाज उघडा आणि दूर फेकलेला, एकट्याने माळावर गावे तसा. बालगंधर्वांची पदे गायले तेव्हा कार्यक्रमाचे नावच ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ठेवले. नक्कल नव्हे, आपली समजूत. ‘गीत वर्षा’सारख्या कार्यक्रमात पावसाची लोकगीते आणि मल्हाराचे प्रकार एकाच बैठकीत यायचे, आणि ऐकणाऱ्याला नाते आपोआप कळायचे.

मैफलीत तंबोरे लागेपर्यंत गाणे सुरू होत नसे, आणि ते लागायला वेळ लागे. मागे तंबोऱ्यावर आणि साथीला वसुंधराताई, तबल्यावर अनेक वर्षे वसंत आचरेकर. विलंबित आलापीचा लांब पसारा ते टाळत आणि मध्य लयीतली बंदिश पुढे ठेवत. छोटे तुकडे, मध्येच शांतता, मग एकदम वर फेकलेला सूर. आजाराने फुप्फुस दुबळे झाले म्हणून असे गात, असे पुष्कळांचे मत. आम्हाला ते अर्धेच पटते. दम कमी पडला म्हणून कोणाला राग सुचत नाहीत.

आम्ही बँकेत असताना खेड्यातल्या शाखांत नोकरी केली. कर्जवसुलीला गेलो की अंगणात बायका गात असत. आम्ही खातेवही उघडून बसायचो; एक ओळसुद्धा लिहून घेतली नाही. तीच गाणी कुमारजी बायकांकडून शिकत होते, हे निवृत्तीनंतर वाचले तेव्हा लाज वाटली. आज गावातही लग्नाला डीजे लागतो, आणि ती गाणी येणाऱ्या आज्या मोजक्याच उरल्या आहेत.

नव्याने ऐकणाऱ्यांनी आधी निर्गुणी भजने ऐकावीत, मग माळव्याच्या लोकधुना, आणि त्यानंतर मालवती. उलट क्रमाने गेल्यास कंटाळा येण्याचा धोका आहे, हा आमच्याच घरचा अनुभव.

भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्रीपर्यंत इकडे मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात आणि गातात, आपल्या भुलाबाईची ही सख्खी बहीणच. आमच्या गल्लीतल्या दोन आज्यांनी यंदा गाणी सांगायचे कबूल केले आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करू, शब्द वहीत उतरवू. ज्यांना माळवी नीट कळते त्यांनी अवश्य यावे, कारण आमचे माळवी अजून बँकेच्या खिडकीपुरतेच आहे.