राऊटर बदलण्यापूर्वी अडथळा शोधा

दुकानात आणि कारखान्यात संगणक आल्यापासून बिल, हिशेब, जीएसटीचे विवरणपत्र, सगळे इंटरनेटवर अवलंबून झाले आहे. माल भरून टेम्पो दारात उभा आहे आणि ई-वे बिल निघत नाही, हा अनुभव अनेक व्यापारी बंधूंना आला असेल. अशा वेळी आपण प्रथम इंटरनेट देणाऱ्या कंपनीला दोष देतो आणि मग कोणाच्या तरी सल्ल्याने नवा राऊटर आणतो. पुष्कळदा त्यानेही फरक पडत नाही. पैसे जातात, दुखणे तसेच राहते. म्हणून आमचे सांगणे असे, की आधी अडथळा कुठे आहे ते शोधावे आणि मगच खर्च करावा.

अडथळा तीन ठिकाणी असू शकतो : बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये, विजेच्या पुरवठ्यात, किंवा राऊटर आणि संगणक यांच्यामधल्या हवेत. तो कुठे आहे हे ओळखण्याची रीत सोपी आहे. इंटरनेट अडले की प्रथम राऊटरचे दिवे पाहा. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर दोष बहुधा विजेचा आहे. दिवे नेहमीसारखे असतील, तर संगणक केबलने थेट राऊटरला जोडून पाहा. केबलवर काम सुरळीत झाले तर लाइन ठीक आहे, दोष हवेतला आहे. केबलवरही अडले तर लाइन किंवा राऊटर तपासावा लागेल.

हवेतल्या अडथळ्याचे एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते संगणकाच्या अगदी अंगाशी असते. वाय-फाय ज्या लहरींवर चालते त्यांतला एक पट्टा सुमारे २.४ गिगाहर्ट्झचा आहे. यूएसबी ३.० या जोडणीतून माहिती सेकंदाला ५ अब्ज बिट्स इतक्या वेगाने धावते आणि त्या धावपळीचा विद्युत गोंगाट नेमका याच पट्ट्यात पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ साली आपल्या तांत्रिक टिपणात हे मोजून दाखवले आहे. बिनतारी माऊस अडखळतो तोही कधीकधी याच कारणाने. हिशेबाची प्रत ठेवण्यासाठी आपण बाहेरची हार्ड डिस्क लावतो, तिच्या शेजारच्याच खाचेत वाय-फायचे डोंगल असते, आणि डिस्क चालू झाली की इंटरनेट मंदावते. यूएसबी ३.० ची खाच बहुधा आतून निळी असते, त्यावरून ती ओळखता येते.

यावर उपाय स्वस्त आहेत. डिस्क काढून पाहा. वेग लगेच सुधारला तर कारण सापडले. मग डोंगल एक मीटरच्या एक्स्टेंशन केबलने दूर न्या, किंवा डिस्क दूर ठेवा आणि तिची केबल चांगल्या आवरणाची घ्या. राऊटरलाच डिस्क लावली असेल तर तीही काढून पाहा. राऊटर आणि संगणक दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर चालणारे असतील तर तो पट्टा निवडा. मात्र या लहरी भिंतीतून कमी जातात, म्हणून राऊटर त्याच खोलीत असलेला बरा. संगणक एका जागी पक्का असेल तर सरळ केबल टाकावी, हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

घरातच दुकान असेल तर मायक्रोवेव्ह ओव्हनकडेही लक्ष द्यावे. तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राऊटर एकमेकांवर आदळतात. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांतला कमी गर्दीचा निवडावा.

आता विजेकडे वळू. लूमची किंवा इतर मोठी मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. क्षणभर व्होल्टेज खाली जाते आणि राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. राऊटरला मोटरच्या बोर्डावरून वीज देऊ नये. त्याच्यासाठी वेगळा पॉइंट आणि छोटा यूपीएस ठेवावा.

संगणकाच्या पत्र्याच्या डब्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजावे. संगणकाच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर विजेतला गोंगाट अर्थिंगच्या तारेत सोडतो. ती तारच नसेल तर २३० व्होल्टच्या निम्मा, म्हणजे ११५ च्या आसपासचा दाब डब्यावर येतो. हा करंट अगदी थोडा असतो. पण उद्या आत बिघाड झाला तर जिवावर बेतू शकते. न्यूट्रलची तार अर्थिंगला जोडणे किंवा नळाच्या पाइपला तार गुंडाळणे हे प्रकार कोणीही करू नयेत. जाणत्या वायरमनकडून रीतसर अर्थिंग करून घ्यावे.

शेवटी एक सूचना. इंटरनेट अडले की वेळ वहीत लिहावी आणि त्या वेळी कोणते यंत्र चालू होते तेही लिहावे. एका वेळी एकच वस्तू बंद करून पाहावी, म्हणजे दोषी कोण ते नेमके कळते. एवढे करूनही केबलवर अडत असेल, तर हीच वही घेऊन कंपनीकडे तक्रार करा. तारीख-वेळेसह केलेली तक्रार टाळणे सोपे नसते.